तीन रकाने, पाचशे नावं

आधी चपला बाहेर काढा. ऑगस्टचा पाऊस आहे, जिन्यात चिखल झालाय आणि आत कॉम्प्युटर आहे. कॉम्प्युटरला धूळ चालत नाही, ओल चालत नाही, चपला तर मुळीच चालत नाहीत, असं १९९३ साली डोंबिवलीत सगळे मानतात. तुम्हीही माना. खिशातला मोबाइल खिशातच राहू द्या. इथे तो नुसता काचेचा तुकडा आहे, आणि कुणी पाहिलाच तर उत्तरं देता देता रात्र होईल.

फडके रोडवरून आत वळलं की तिसरी बिल्डिंग, दुसरा मजला, दोन खोल्यांचा ब्लॉक. हॉलमध्ये क्लास, आतल्या खोलीत सरांचा संसार. दाराला जाड पडदा, खिडकीला एसी. दार उघडून आत पाऊल टाकलंत की घामेजलेल्या पाठीवर शर्ट एकदम गार पडतो. नाकात तीन वास एकदम शिरतात: नव्या प्लास्टिकचा, प्रिंटरच्या रिबिनीतल्या तेलाचा आणि आतून येणाऱ्या लसणीच्या फोडणीचा. वारा एमआयडीसीकडून वाहू लागला तर चौथाही येईल, त्याबद्दल इथे कुणी बोलत नाही. सवय झालीय.

चार मशीन आहेत. तीन झाकलेली, चौथं तुमच्यासाठी उघडलंय. काळ्या पडद्यावर पिवळसर केशरी अक्षरं, कोपऱ्यात उघडझाप करणारी आडवी रेघ. ड्राइव्हमध्ये मोठी फ्लॉपी सरकवली की घर्रर्र आवाज येतो. पण थांबा, बाहेरची फ्लॉपी असेल तर सर ती आधी तपासून घेतात. 'जोशी' नावाचा व्हायरस गाठलेला माणूस आहे तो. गोष्ट खरी आहे. हा व्हायरस १९९०मध्ये भारतात सापडला. ५ जानेवारीला मशीन सुरू केलं की ते अडून बसायचं आणि 'हॅपी बर्थडे जोशी' असं टाइप करायला लावायचं. शुभेच्छा दिल्याशिवाय पुढे हलायचं नाही. डोंबिवलीत कुठल्या जोशांना शुभेच्छा द्यायच्या, हा प्रश्न वेगळाच.

तर काम काय आहे? तुमच्या गल्लीतल्या गणेशोत्सव मंडळाचे चिटणीस काका लांबट हिशोबाची वही काखेत मारून आलेत. छत्रीचं पाणी दाराबाहेर ठिबकतंय. गणपतीला महिना उरलाय, अहवाल छापायचाय आणि त्यात पाचशे वर्गणीदारांची नावं हवीत. रक्कम नको, नुसती नावं. गेल्या वर्षी रकमा छापल्या होत्या, अकरावाले आणि एकशे एकवाले विसर्जनापर्यंत एकमेकांशी बोलत नव्हते.

"बाळा, एकाखाली एक लिहिलीस तर नऊ पानं जातील," काका म्हणतात. "कागद काय भाव झालाय! तीन रकाने पाड. तुमच्या मशीनला एवढं येतच असेल."

येत नाही. तुमच्या काळात माउसने दोन ठिकाणी टिचकी मारली की पानाचे रकाने होतात. इथे माउसच नाही. वर्डस्टार आहे. त्यात नावांचा उभा ठोकळा उचलून शेजारी नेऊन ठेवता येतो, पण एक नाव वाढलं की सगळे ठोकळे पुन्हा उचला. सर हळहळतात. युनिक्सवर म्हणे 'पीआर' नावाची आज्ञा आहे, तिच्यापुढे उणे तीन लिहिलं की मजकूर तीन रकान्यांत विभागून समोर. पण युनिक्स बँकेत. आपल्याकडे डॉस.

"मग आपणच लिहू," सर म्हणतात आणि टर्बो सी उघडतात. दोनच मिनिटांत तुमच्या लक्षात येतं, की तुम्ही आयुष्यभर ज्याला क्षुल्लक समजलात ते तसं नाही.

अडचण प्रिंटरची आहे. डोकं डावीकडून उजवीकडे जातं, एक ओळ ठोकतं, कागद वर सरकतो, झालं. पहिला रकाना तळापर्यंत छापून मग वर जाऊन दुसरा छापू, असं त्याला सांगता येत नाही. वर गेलेला कागद वर गेला. म्हणजे पहिलं नाव छापतानाच त्याच्या शेजारी कोण बसणार, त्याच्याही शेजारी कोण बसणार, हे आधी ठरलेलं हवं.

सर वहीच्या मागच्या पानावर पेन्सिलीने हिशोब मांडतात. कागद दहा बाय बाराचा, दोन्ही कडांना भोकांच्या पट्ट्या असलेला, घड्या घातलेला लांबच लांब. बारा इंच उंची, इंचाला सहा ओळी, म्हणजे बहात्तर. वर सहा सोडल्या, खाली सहा. राहिल्या साठ. आडवी जागा ऐंशी अक्षरांची. ऐंशी भागिले तीन, सव्वीस. त्यातली दोन मोकळी, नावाला चोवीस. एका पानात तीन साठे एकशेऐंशी नावं. ती आधी सगळी मशीनच्या पोटात भरून घ्यायची. मग पहिल्या ओळीत पहिलं, एकसष्टावं आणि एकशेएकविसावं नाव. दुसऱ्या ओळीत दुसरं, बासष्टावं, एकशेबाविसावं. अशा साठ ओळी. नऊ पानांची तीन झाली.

"आणि शेवटच्या पानावर?" काका विचारतात. हिशोबाला माणूस पक्का. दोन पानांत तीनशेसाठ गेली, राहिली एकशेचाळीस. तशीच ओतली तर दोन रकाने गच्च आणि तिसरा दोन-तृतीयांश उघडा. सर डोकं खाजवतात आणि एक ओळ वाढवतात: उरलेल्यांना तिनाने भागा, अपूर्णांक आला तर वरचा पूर्णांक घ्या. सत्तेचाळीस, सत्तेचाळीस, शेहेचाळीस. काका मान डोलावतात. शेवटच्या रकान्याच्या तळाशी एक जागा रिकामी राहते.

आता तुम्ही टाइप करा. कीबोर्डची बटणं जड आहेत, प्रत्येक बटण आवाज करून कबुली देतं. एक अर्धविराम विसरलात, मशीनने तेरा चुका दाखवल्या. तो अर्धविराम घातलात, तेराच्या तेरा गायब. एवढ्यात दिवे जातात. एसीची घरघर थांबते, यूपीएस किंचाळायला लागतो, सर "सेव्ह! सेव्ह!" म्हणून ओरडतात आणि आतून वहिनी मेणबत्ती घेऊन येतात. अंधारात पाच माणसं, बंद खिडक्या, पुसता येणार नाही इतका घाम. खाली कुणीतरी एमएसईबीचा उद्धार करतंय. वहिनी चहा देतात. साखर जास्त, आलं भरपूर, आणि मशीनपासून लांब बसून प्यायचा हा नियम.

अर्ध्या तासाने दिवे येतात. प्रिंटर सुरू होतो आणि तुम्ही दचकता. डॉट मॅट्रिक्सचा आवाज तुम्ही विसरलाय. नऊ सुया रिबिनीवरून कागदावर आपटतात, दात दुखावेत असा कर्कश चिरकाट होतो, टेबल थरथरतं, आतल्या खोलीतलं बाळ उठून रडायला लागतं. कागद एकेक ओळ वर सरकतोय. आणि खरोखरच रकाने पडताहेत! सरळ, ओळंब्याने लावलेत असे. काका चष्मा कपाळावर चढवून वाकतात.

"हे रामचंद्राचं काय केलंत?"

चोवीस अक्षरांची कात्री. आडनाव, नाव, मग वडिलांचं नाव, आणि रामचंद्र 'रामच'पाशीच संपला. सर म्हणतात, उपाय आहे. प्रिंटरला आधी पंधरा नंबरचा संकेत पाठवायचा की अक्षरं आक्रसतात, इंचाला दहाची सतरा होतात. पाठवतात. रामचंद्र पूर्ण येतो, रकाने ऐसपैस होतात. काका कागद लांब धरतात, जवळ धरतात. "हे वाचायला मंडळ भिंग वाटणार का?" परत मोठं अक्षर, आणि वडिलांचं फक्त आद्याक्षर. बापाचं नाव कापायचं की मुलाला भिंग द्यायचं, हा निर्णय काकांनीच घेतला हे बरं झालं.

तुम्ही कडेच्या भोकांच्या पट्ट्या टरटर फाडता. हाताला काळी शाई लागते. सरांचा मोठा मुलगा त्या पट्ट्या मागून नेतो, एकमेकींवर दुमडून त्यांची स्प्रिंग करायला. सगळं छान झालंय. आणि मग काकांच्या लक्षात येतं.

"अरे, पण हे इंग्रजीत आहे."

हो, रोमन लिपीत. मशीनला तेवढीच येते.

"गणपतीचा अहवाल इंग्रजीत?"

खोलीत शांतता. एसीसुद्धा जरा खाली मान घालतो.

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही डोंबिवली स्टेशनवर उभे आहात, पोटाशी धरलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत फ्लॉपी. ठाण्याला सरांचे मित्र आहेत, त्यांच्याकडे मराठी मशीन आहे. हातातलं तिकीट जाड पुठ्ठ्याचं, ओलं होऊन मऊ पडलेलं. गाडी यायच्या आधीच फलाट पुढे सरकतो. तुम्ही चढत नाही, तुम्हाला चढवलं जातं. आत ओल्या टेरिकॉटचा, खोबरेल तेलाचा आणि कुणाच्या तरी डब्यातल्या सुक्या बटाट्याचा वास. छत्र्या कड्यांना लटकवलेल्या, त्यांचं पाणी बसलेल्यांच्या मानेत. पंखा अडलाय. एक गृहस्थ खिशातून कंगवा काढतात, जाळीतून पात्याला टोचा देतात, पंखा फिरू लागतो, कंगवा परत खिशात. तिघांच्या बाकावर चौथा माणूस येतो, काही न बोलता उभा राहतो, तिघे काही न बोलता सरकतात, आणि त्याला अर्धी मांडी टेकण्यापुरती जागा होते. कालचा तुमचा सगळा प्रोग्राम तो हाच: चोवीस अक्षरांची जागा आणि सगळ्यांनी थोडं थोडं आवरून घ्यायचं. फरक एवढाच, की इथे कुणी वडिलांना उतरवून ठेवत नाही.

टाळ वाजतात, भजन सुरू होतं. पारसिकचा बोगदा येतो. खिडक्यांतून थंड, ओलसर दगडी वास आत घुसतो, दिवे फडफडतात, पोरं ओरडतात, भजनाचा आवाज दुप्पट होतो. उजेड, खाडी, ठाणं. इथेही उतरत नाही तुम्ही, उतरवले जाता.

ठाण्यातलं काम लवकर आटपू, कारण ते फसणार आहे. मशीनमध्ये पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड आहे. त्याच्या जोरावर साध्या डॉसवर देवनागरी उमटते, आणि पहिल्यांदा पडद्यावर आपलं आडनाव मराठीत बघितलेला माणूस हसतोच. तुम्हीही हसा. तिथल्या ताईंनी नावं टाइप करून ठेवलीत. तुमचा प्रोग्राम चालवा. आता हसू आवरा.

रकाने नागमोडी झालेत. 'कमल'च्या शेजारचं नाव जागेवर, 'ज्ञानेश्वर'च्या शेजारचं डावीकडे कलंडलेलं. ताईंना कारण ठाऊक आहे, ओळखीचं दुखणं आहे ते. मशीन अक्षरं मोजत नाही, संकेत मोजतं. 'कमल' म्हणजे तीन अक्षरं, तीन संकेत. 'ज्ञानेश्वर' डोळ्यांना चारच अक्षरं दिसतात, पण मशीनच्या पोटात ज, मग हलंत, मग ञ, मग काना, न, मात्रा, श, हलंत, व, र: दहा. तुमच्या प्रोग्रामला वाटतं दहा घरं भरली, पुढे चौदा रिकाम्या जागा सोडू. कागदावर दहा घरं भरलेलीच नसतात. ज्याच्या नावात जोडाक्षरं जास्त, त्याचा शेजारी जास्त जवळ सरकतो.

ताई म्हणतात, हलंत, त्याला जोडलेलं पुढचं अक्षर आणि मात्रा मोजू नका, म्हणजे जमेल. जमतं, पण अर्धवट. कारण 'श्व' हा 'र'पेक्षा चांगलाच रुंद असतो, दोघांना एकेक घर दिलं तरी तो कुरकुरतो. आणखी एक गंमत: मशीनने क्रम लावला तेव्हा क्षीरसागर उठून केळकर-कोल्ह्यांच्या मागे जाऊन बसले, खऱ्यांच्या पुढे. मशीनच्या मते क्ष हा क-ष आहे. मुळाक्षरं पाठ केलेल्या कुणालाही विचारा, क्ष-ज्ञ शेवटी असतात. काकांनी हे पाहिलं नाही, देवाची कृपा.

दुपार उलटून जाते. तुम्ही फोन करता, कोपऱ्यावरच्या पिवळ्या डब्यातून, मागे चार जणांची रांग. काका पलीकडून ओरडतात, "सोड ते! तसाच कल्याणला जा. पारनाक्याजवळ आपल्या तात्यांचा प्रेस आहे!"

संध्याकाळची गाडी सकाळपेक्षा वाईट. सगळं ठाणं घरी निघालंय, शिवाय बायकांच्या मांडीवर आता भाजी निवडली जातेय, मेथीचा हिरवा वास दोन डब्यांपलीकडून येतो. कल्याणला उतरा, पश्चिमेला या, टांग्यात बसा. घोड्याच्या अंगावरून वाफा निघताहेत, रस्त्यात पाणी, टांगेवाला कुणावर तरी खेकसतोय. जुन्या वाड्याच्या ओसरीवर प्रेस आहे. इथे चपला काढायची गरज नाही. उलट काढू नका, पायाखाली शिशाचे तुकडे आहेत.

आत रॉकेल आणि शाईचा वास इतका दाट, की जिभेवर चव येते. एसी नाही, एक पिवळा दिवा खाली लोंबतोय. ट्रेडल मशीन खटाक-खट, खटाक-खट चाललंय, एक पोरगा लय पकडून कोरा कागद आत सरकवतोय आणि छापलेला बाहेर काढतोय. त्याच्या बोटांकडे पाहू नका, तुमच्याच पोटात गोळा येईल. तात्या भिंतीकडे तोंड करून उभे आहेत, बनियन आणि पंचा, कानावर पेन्सिल. समोर, डाव्या-उजव्या हाताला लाकडी केसेस, त्यांत शेकडो घरं, घरांत खिळे. इंग्रजीचं भागतं दोन केसेसमध्ये, मराठीला हा एवढा पसारा लागतो.

"किती रकाने?"

"तीन."

"पान डेमीचं ना? चोवीस एम." तात्या केसकडे न बघता बोलतात. "साडेसात, साडेसात, साडेसात. दीड उरला. पाऊण पाऊण मध्ये. त्यात पितळी रूळ."

तुम्ही मनातल्या मनात बेरीज करता. बरोबर आहे. काल सरांना वहीचं पान लागलं होतं.

मग ते स्टिक हातात घेतात. ही पितळेची लहानशी पट्टी, एका बाजूने उघडी, तिचा आडणा साडेसात एमवर घट्ट केला की रकाना तयार. तुमच्या प्रोग्राममधला 'चोवीस' हा आकडा इथे डाव्या तळव्यात मावतो, थंडगार. उजवा हात घराघरांतून फिरतो, खिळा उचलतो, अंगठ्याखाली उलटा बसवतो. अक्षरं उलटी, आरशातली, पण तात्या ती आपण पेपर वाचतो तशी वाचतात. 'ज्ञ' त्यांच्या केसमध्ये एकाच घरात राहतो, अख्खा एक खिळा. ज, हलंत, ञ वगैरे भानगड नाही. नाव आखूड असेल तर पुढे बिनअक्षरी शिसं भरायचं, ओळ घट्ट होईपर्यंत. लांब असेल तर शब्दांमधली जागा बारीक करायची. तरीही मावत नसेल तर?

"तर खालच्या ओळीत," तात्या म्हणतात. "बापाचं नाव कशाला कापायचं?"

मोजायचं कसं, म्हणून विचारता. ते स्टिक तुमच्यासमोर हलवतात. ओळ हलत नाही. "बसली की कळतं."

तुम्हाला एक खिळा हातात देतात. तो जड आहे, एवढ्याशा वस्तूच्या मानाने फारच. तुम्ही तो चुकीच्या घरात टाकता आणि तात्यांच्या कपाळाला आठी पडते. चुकीच्या घरातला खिळा चार महिन्यांनी कुणाच्या तरी लग्नपत्रिकेत निघतो. तेव्हा काढा, योग्य घरात टाका, आणि हात पंच्याला पुसू नका, तो त्यांचा आहे.

पाचशे नावं एका संध्याकाळी जुळत नाहीत. आपण चार दिवस उडी मारू, नाहीतरी सुट्टीवर आलोयच.

गॅली प्रूफ ओलसर कागदावर निघालंय. काकाही आलेत, हातात लाल पेन. डेमीच्या पानात रकान्याला छत्तीस ओळी, पानाला एकशेआठ नावं. चार पानं गच्च, पाचव्यावर अडुसष्ट: तेवीस, तेवीस, बावीस. तात्यांनी भागाकार केलेला नाही, नुसतं डोळ्याने पान बघितलंय. रकाने सरळ आहेत, रामचंद्र अखंड आहे आणि क्षीरसागर पार शेवटी, जिथे ते शाळेपासून बसतात. काका एकही खूण करत नाहीत. त्यांच्यासाठी हे अवघड आहे, लाल पेन उघडून धरलेला असताना.

फर्मा आवळला जातो. लाकडी ठोकळे, पाचर, हातोडीचे चार ठोके. मशीनवर चढणार एवढ्यात ओसरीवर छत्री मिटल्याचा आवाज होतो आणि डोंबिवलीहून मंडळाचा एक कार्यकर्ता धापा टाकत आत येतो. आपटे आजोबांनी आज सकाळी वर्गणी दिली. पावती फाडलीय. नाव आलंच पाहिजे.

आपटे. 'आ'चे, पहिल्या पानाच्या माथ्याजवळचे. तिथे एक ओळ घातली की पहिल्या रकान्याचा तळ दुसऱ्याच्या डोक्यावर, दुसऱ्याचा तिसऱ्यावर, आणि असं पाचही पानं. तुम्ही न राहवून सांगता, की ठाण्याच्या मशीनवर हे एका बटणाचं काम आहे. वर नाव घाला, पुन्हा चालवा, पाचशेएक जण आपापले सरकून बसतात.

"मग तिथेच छापा," तात्या म्हणतात. "वाकडे."

काका मध्ये पडतात. तात्यांची नजर पाचव्या पानाच्या शेवटच्या रकान्यावर जाते. तेवीस, तेवीस, बावीस. तळाशी शिशाची एक कोरी ओळ आहे. चिमट्याने ती काढतात, स्टिकमध्ये 'आपटे' जुळवतात, आणि क्षीरसागरांच्या खाली बसवून टाकतात. पाचर परत आवळतात.

"आपटे सगळ्यात शेवटी?" काकांचा आवाज चढतो. "ज्येष्ठ माणूस आहे! मी काय सांगू त्यांना?"

"उशिरा आले, असं सांगा."

गणपतीच्या दुसऱ्या दिवशी मांडवात अहवाल वाटला जातो आणि काका खांबाआड उभे राहून बघतात. आपटे आजोबा खुर्चीवर बसतात, चष्मा लावतात आणि अहवाल मागून उघडतात. जमाखर्च मागे असतो ना. जमाखर्चाच्या अलीकडचं पान, उजवा रकाना, तळाचं नाव. बाजूच्या कुलकर्ण्यांना कोपराने ढोसून दाखवतात.

"माझं लगेच सापडलं. तुमचं कुठाय?"

कुलकर्णी अजून दुसऱ्या पानावर इतर कुलकर्ण्यांत स्वतःला शोधताहेत.